उभा फाटला, आडवा फाटला

फुगा कसा फुटला एवढंच मला लिहायचं असतं. उभा, नाहीतर आडवा. रजिस्टरात तिसरा रकाना नाही.

हा फुगा जत्रेतला नव्हे. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा आणि केसाहून पातळ. बारीक नळीच्या टोकावर तो घडी घालून बसवतात. मग डॉक्टर ती नळी मनगटातून किंवा जांघेतून सरकवत सरकवत हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि जिथं वाट बुजली असेल तिथं फुगा फुगवतात. आमच्याकडं नळीचं बाकी काही होत नाही, फक्त फुगा होतो. गोंदियाच्या बाहेर तांदळाच्या मिलांची ओळ आहे, तिच्या शेवटाला आमची लांबट शेड. नायलॉनचे दाणे पोत्यातून येतात. ते वाळवायचे, वितळवायचे, त्यांची नळी ओढायची, नळीचा तुकडा तापलेल्या साच्यात घालून आतून दाब द्यायचा आणि दोन्ही टोकांनी ताणायचं. मारून मुटकून त्याचा फुगा होतो. त्यातले थोडे माझ्या टेबलावर येतात, जीव जाईपर्यंत फुगवायला.

माणसाच्या अंगाइतकं गरम पाणी एका काचेच्या टाकीत असतं. फुगा त्यात बुडवायचा, पंपाची मूठ पिळायची, दाबाचा काटा एकेक घर चढवायचा, प्रत्येक घरावर थांबायचं, पुन्हा पिळायचं. कुठंतरी तो फुटतोच. आवाज फारसा होत नाही. पाण्याला एक झटका बसतो आणि तो टेबलातून कोपरापर्यंत येतो. मग चिमट्यानं फुगा बाहेर काढायचा आणि भिंगाखाली धरायचा. उभा फाटला तर तो चवळीच्या शेंगेसारखा उकललेला असतो. तसा फुगा माणसाच्या आत फुटला तरी चिंता नाही, नळीबरोबर मुकाट्यानं मागं येतो. आडवा फाटला की त्याचे दोन तुकडे. ओढायला गेलं की पुढचा तुकडा आतच अडकतो, किंवा सुटतो आणि रक्ताबरोबर वाहत जातो. पहिल्या दिवशी आमच्या सुपरवायझर साहेबांनी हे मला शर्टाची बाही वरखाली ओढून समजावलं होतं. शेवटी म्हणाले होते, आडवा म्हणजे आदमी गया, याद रखना.

मी याद ठेवलं. मला फाटण्याची माहिती होतीच.

माझं माहेर-सासर दोन्ही सांगलीकडचं. आठवीत शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या मारण्याला कारण लागायचं नाही, खरं पद्धत ठरलेली होती. आधी दार लावायचा, मग पट्टा काढायचा. मारून झालं की मला दंडाला धरून खिडकीच्या उजेडात ओढायचा आणि कुठं फुटलंय ते वाकून बघायचा. बोटानं कातडी ताणून बघायचा. त्यानं त्याला बरं वाटायचं की भीती वाटायची, मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकदा त्यानं माझं डाव्या हाताचं बोट दाराच्या फटीत धरून दार ओढलं आणि तेव्हाही तसंच उजेडात नेऊन बघितलं. ते बोट अजून वाकत नाही. पंपाची मूठ मी चार बोटांनीच धरते.

त्या बोटाच्या तिसऱ्या दिवशी मी कपड्यांची एक पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनावर आले आणि जी गाडी आली तीत बसले. कोल्हापूरहून निघून गोंदियाला जाणारी गाडी होती. गोंदिया कुठं आहे तेही मला ठाऊक नव्हतं. पुण्याला समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या, लेकीकडून परत निघालेल्या. ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस त्यांनी मला त्यांच्या डब्यातलं जेवायला घातलं. माझा डोळा सुजून बंद झाला होता, त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. शेवटच्या स्टेशनात सगळे उतरले, मी बसूनच होते. त्या म्हणाल्या, "उतर नं पोरी. गाडी इथंच सरते."

त्या माझ्या काकीजी. गोंदियाला लागूनच फुलचूरला त्यांच्या घरामागं एक खोली होती, सरपणाची. सरपण बाहेर गेलं, मी आत गेले. त्यांचे यजमान, काकाजी, चाळीस वर्षं मिलमध्ये धान वाळवण्याच्या कामावर होते. म्हातारपणी ओझी झेपेनात म्हणून आमच्या शेडमध्ये लागले होते. त्यांनीच साहेबांपुढं शब्द टाकला आणि मला हे टेबल मिळालं. आठवी नापास बाईला पांढरा कोट, डोक्याला जाळी आणि भिंग. मी त्या दोघांच्या पाया पडले तेव्हा काकाजी म्हणाले होते, पाया पडून नको राहू, नीट फोडून राहा.

आणि मी फोडत होते. आता खरं तेच सांगते, मला ते आवडायचं. काटा चढायला लागला की माझ्या दाताखाली शिव्या यायच्या, त्याच्याच, त्यानं मला दिलेल्या. मी त्या तोंडातल्या तोंडात परत द्यायची. शेवटच्या घरांवर मूठ जरा जोरातच पिळली जायची. झटका कोपरापर्यंत आला की बरं वाटायचं. मग फुगा भिंगाखाली धरताना एक दिवस माझ्या लक्षात आलं, मी त्याच्यासारखीच वाकलेय. चिमट्यानं कातडी ताणून बघतेय. त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

दिवाळीनंतर काकाजींना दाणे वाळवायच्या यंत्रावर घेतलं. त्यांना फार आनंद झाला. त्यांच्या कामाचं नाव पुन्हा वाळवणं झालं म्हणून. आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच माझ्या टेबलावर आडवे यायला लागले.

पहिला आला तेव्हा मी तो तीनदा भिंगाखाली धरला. दोन तुकडे, मधे स्वच्छ कडा, पात्यानं कापल्यासारखी. मग दुसऱ्या दिवशी दोन. मग पाच. साहेब येऊन बघून गेले. ते उभे राहून मला फोडताना बघत होते आणि कुणी मागं उभं राहिलं की मला हात आवरत नाही, मूठ झटक्यानं पिळली गेली. फुगा आडवा फुटला. साहेबांनी ट्रे उचलून टेबलावर आपटला, फुगे जमिनीवर उडाले. म्हणाले, "तेरे हाथ में गुस्सा है. माल ठीक है, तू मारती है उसको." आठवडाभर बघू, नाहीतर दुसरी बाई बसवू, असंही म्हणाले. दोन पोती भरून फुगे तयार होते आणि महिनाअखेरीस जायचे होते.

मला त्यांचा राग आला नाही. ते खरं बोलले असं वाटलं. माझ्या हातातला राग फुग्यात उतरतोय आणि फुगा कुणाच्यातरी काळजाजवळ दोन तुकडे होणार, असं काहीबाही मनात यायला लागलं. दुसरी भीती साधी होती. काम गेलं तर कुठल्या तोंडानं त्या खोलीत राहायचं. काकीजी काढणार नाहीत हे माहीत होतं, आणि म्हणूनच भीती जास्त वाटत होती. फुकट खाणाऱ्याला घरातून कुणी काढत नाही, तो आपण होऊन बारीक होत जातो.

शेवटी मीच ठरवलं, बघायचं. प्रत्येक मालाचे थोडे फुगे नमुना म्हणून कपाटात ठेवलेले असतात. दिवाळीआधीच्या पाकिटातले चार मी न विचारता काढले. ते पाण्यात घातले आणि मुद्दाम त्या दाराची फट आठवली. बोट आठवलं. जेवढा राग अंगात होता तेवढा मुठीत आणला, एकेका घरावर न थांबता पिळत गेले. चारही उभे फाटले. शेंगेसारखे.

मग नव्या मालातले चार घेतले. आता राग नको म्हणून पाढे म्हणत पिळलं. प्रत्येक घरावर एक पाढा, अकरापासून. मला शाळेत सोळाच्या पुढं कधी गेलं नव्हतं. त्या दिवशीही सोळाच्या पुढं जावं लागलं नाही. चारही आडवे.

मी कोटाच्या बाहीत तोंड घालून रडले. माझा हात नव्हता. इतकं मोकळं वाटलं की मी उठून तशीच काकाजींना सांगायला गेले. आनंदाची बातमी सांगायला जातात तशी. विचार असा केलाच नाही की हात माझा नव्हता तर कुणाचा होता.

वाळवण्याची खोली शेडच्या कडेला आहे. तिच्या खिडकीला लागून पलीकडच्या मिलचं उसन्याचं काम चालतं, म्हणजे धान उकडून मग वाळवतात. दिवाळीनंतर नवं धान आलं की दिवसभर त्या कढयांची वाफ खिडकीतून आत येते, भाताच्या पेजेसारखा वास. काकाजींनी यंत्राचं झाकण उघडं टाकलं होतं. वाळलेले दाणे मोठ्या स्टीलच्या परातींत पसरले होते आणि ते त्यांतून बोटं फिरवत होते, धानातून फिरवतात तशी, मायेनं. एक दाणा त्यांनी दाताखाली धरून बघितला.

मी विचारलं, हे काय करताय. ते खुशीत होते. म्हणाले, धान गरमच्या गरम गिरणीत टाकलं त तुकडा होते. त्याले निवू द्या लागते, दम खाऊ द्या लागते. माझ्या हातच्या धानाची कणी कोणी दाखवून देत नव्हता. हे तर परदेशातून येते, याले त जास्तच जपा लागते.

नायलॉनला पाणी ओढायची खोड असते, हे मला साहेबांच्या बोलण्यातून माहीत होतं. वाळवलेले दाणे उघडे ठेवले की घटकाभरात ते हवेतला ओलावा पिऊन घेतात, मग वितळताना आतल्या आत तुटतात. नळी दिसायला चांगली, फुगा दिसायला चांगला, आणि आतून कुजका. काकाजी ते दाणे वाफेच्या खिडकीखाली दोन-दोन तास मायेनं निववत होते.

मी हळू सांगायला हवं होतं. बाहेर चहाला नेऊन सांगायला हवं होतं. मी आठवडाभर स्वतःला खात बसले होते, आणि ते सगळं एका वाक्यात बाहेर आलं. "तुमच्यामुळं होतंय हे. माणसं मरतील तुमच्यामुळं."

त्यांचा चेहरा आधी रिकामा झाला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं वाळवलो मी. तू मले शिकवतं? सरपणाच्या खोलीतून तुले इथं आणलं कोणं?" मी म्हटलं, आणलं म्हणून खोटं लिहू का. मी परात उचलायला वाकले, त्यांनी हातातला स्टीलचा मोठा चमचा फिरवला. दाणे भरायचा तो, त्याला पुढं धार असते. माझ्या भुवईवर बसला.

मार मला नवा नव्हता. पुढचं नवं होतं. मी दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. ते मागं यंत्राच्या कोपऱ्यावर आदळले, कानामागं फुटलं. तिथं थांबायला हवं होतं. मी खाली पडलेला चमचा उचलला आणि त्यांच्या खांद्यावर मारला. पुन्हा मारला. आणि माझ्या तोंडातून शिव्या येत होत्या, मोठ्यानं, नवऱ्याच्या, शब्दासशब्द, त्याच्याच आवाजाच्या चढउतारात. पासष्टीचा माणूस दोन्ही हात डोक्यावर घेऊन यंत्राला टेकला होता. परात उलटली होती, दाणे फरशीवर पसरले होते, त्यांच्यावर रक्ताचे थेंब पडत होते, माझे की त्यांचे कोण जाणे. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा दाण्यांवरून माझा पाय सटकला आणि मी आपटले. तेवढ्यानंच ते थांबलं. मी थांबवलं नाही.

आवाजानं साहेब धावत आले आणि तेही दाण्यांवरून घसरून बसले. आम्ही तिघं फरशीवर. कुणी मारलं म्हणून त्यांनी विचारलं. काकाजी म्हणाले, दाण्यावरून पाय घसरला माझा. मी म्हटलं, मी मारलं. साहेबांनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाले, झाकण किसने खोला.

मग मी सांगितलं. जुने चार, नवे चार, निववणं, खिडकी, वाफ. साहेब उठले आणि यंत्रावर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवून ओरडले, सहा महिन्यांपासून लिहून ठेवलंय, वाळवल्यावर झाकण उघडायचं नाही म्हणून. कागद इंग्रजीत होता. मला त्यातली अक्षरं लावता येत होती, अर्थ नाही. काकाजींना अक्षरंही नाहीत. साहेब काही वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. मग रुमाल काढून तो काकाजींच्या कानामागं दाबला आणि मला म्हणाले, तू अपना पकड.

सरकारी दवाखान्यात आम्ही एकाच बाकावर बसलो. त्यांना पाच टाके, मला तीन. दोघांनीही पाय घसरला सांगितलं. मला एवढंच दिसत होतं की या माणसाच्या बायकोनं मला सुजल्या डोळ्यानं गाडीतून उतरवून घेतलं आणि मी तिच्या नवऱ्याचं डोकं फोडून परत निघालेय.

ते रिक्षानं पुढं गेले. मी चालत गेले, मुद्दाम उशीर करत, आणि पोचले तेव्हा माझी पत्र्याची पेटी ओट्यावर होती. काकीजी दारात उभ्या होत्या. माझ्यावर हात टाकला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "माझ्या माणसाच्या अंगावर हात टाकतं अन् माझ्याच घरात झोपतं?" मी पेटीच्या शेजारी बसले. शेजारपाजारचे बघत होते. खाली मान घालून मी गाडीचा हिशेब करत होते, ती उलटी कधी निघते त्याचा, आणि ती मला कुठं नेऊन सोडेल ते मला ठाऊक होतं.

काकाजी डोक्याला पट्टी बांधलेले बाहेर आले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पेटी उचलली, घरामागं गेले आणि खोलीच्या दारातून ती आत फेकली. फेकलीच. भिंतीवर आदळून तिची कडी तुटली, ती आजही तुटकीच आहे. मग घरात जाऊन त्यांनी दार धाडकन लावलं.

मी ओट्यावरच होते. बऱ्याच वेळानं काकीजी पुन्हा आल्या, हातात पाण्याचा तांब्या. माझ्या भुवईकडं बघत म्हणाल्या, "मार खाऊन आली होती. आता मारून आली. हात धू अन् जेव."

मी हात धुतले. भात आणि पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी होती. त्या समोर बसल्या नाहीत, पण वाढायला दोनदा आल्या.

दोन पोती फुगे पाठवायचे नाहीत असं ठरलं. कुणी परत वापरू नये म्हणून ते एकेक करून कापायचे होते आणि साहेबांनी ते काम आम्हा दोघांनाच दिलं, शिक्षा म्हणून की काय माहीत नाही. चार दिवस आम्ही समोरासमोर बसून कात्रीनं कापत होतो. दुसऱ्या दिवशी काकाजींनी विचारलं, तुकडा आत अडकला असता त माणूस वाचला असता का. मी म्हटलं, कधी वाचतो, कधी नाही. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि हाताची बोटं बघत बसले. मग पुन्हा कापायला लागले.

यंत्रावरचा कागद आता मराठीत आहे. साहेबांनी सांगितला, मी लिहिला, रजिस्टर सोडलं तर कारखान्यात माझ्या अक्षरातली ती पहिली वस्तू. काकाजींना वाचता येत नाही म्हणून बंद झाकणाचं चित्रही काढलं. खिडकीला त्यांनी स्वतः पत्रा ठोकला. वाळवलेले दाणे ते आता गरमच्या गरम, झाकण न उघडता पुढं सोडतात. अजूनही त्यांना ते पटत नाही, माझ्यासाठी करतात असं तोंडावर सांगतात.

प्रत्येक नव्या मालातला पहिला फुगा मी फोडते तेव्हा ते येऊन उभे राहतात. मागं नाही, बाजूला, मला दिसतील असे. कुणी मागं उभं राहिलं की माझा हात आवरत नाही हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. मी पाढा म्हणते, मूठ पिळते, पाण्याला झटका बसतो. ते विचारतात, कसा. मी म्हणते, उभा. ते मान हलवून जातात.

फक्त एक राहिलंय. फुगा बघायला मी भिंग खाली ओढते, ते उंचावर बसवलंय, त्यासाठी हात वर न्यावा लागतो. माझा हात वर गेला की काकाजींचं डोकं एवढंसं मागं जातं. त्यांना ते कळतही नसेल. मला लगेच कळतं, मी वर्षानुवर्षं तसंच डोकं मागं घेतलेलं आहे. म्हणून आता ते बाजूला उभे असले की मी आधी सांगते, काकाजी, भिंग घेते. मग हात हळूच वर नेते.